लुनाचार्स्की, अनातोली वसिल्येव्हिच

(२३ नोव्हेंबर १८७५–२६ डिसेंबर १९३३). रशियन साम्यवादी नेता, नाटककार व समीक्षक. जन्म पोल्टाव्हा येथे. किशोरवयातच मार्क्सवादाकडे वळलेल्या आणि नंतर झुरिक येथे आव्हेनारिउसच्या तत्त्वज्ञानाचे अध्ययन केलेल्या या पुरुषाने पुढे समाजवादास धर्मभावनेची ऊब देऊ पाहणारा ‘देवनिर्माण’ विचार मांडला आणि लेनिनचा रोष ओढवून घेतला. तथापि १९१७ च्या क्रांतीनंतर शिक्षणखात्याची सूत्रे लेनिनने त्याच्याच हाती दिली, ती १९२९ पर्यंत त्याच्याकडे राहिली.

क्रांतीच्या वेळी मॉस्कोत झालेल्या लढाईत क्रेमलिनची प्राचीन वास्तुशिल्पे तोफांखाली उद्‌ध्वस्त झाल्याची वार्ता कानी येताच त्याने राजीनामा दिला व लगोलग मागेही घेतला. त्याच्या स्वभावाचे मर्म बहुधा या प्रसंगातच आढळते. डिसेंबर १९१७ मध्ये त्याच्या सहीने निघालेल्या फर्मानाने रशियन लेखनातील काही जुनी अक्षरे रद्द झाली. हुकमाची अंमलबजावणी इतकी कडक झाली, की छापखान्यांतून खिळेच जप्त करण्यात आले आणि नियमांनी राखलेल्या एका चिन्हाच्या जागी जुळाऱ्यांना स्वल्पविरामासारखी खूण वापरावी लागली. १९१९ च्या हुकमान्वये ८ ते ५० वर्षे वयाच्या निरक्षरांना साक्षर होणे सक्तीचे ठरले. जुनी रंगभूमी मोडीत काढू पाहणाऱ्या उतावळ्यांपासून बोल्शॉय नाट्यगृह वाचविण्याचे श्रेयही पुष्कळ अंशी त्याचेच. मात्र नियतकालिकांवरील नियंत्रणांचा कारभार त्याच्याच शिक्षणखात्याच्या छत्राखाली वाढला, हे विसरता येत नाही.

१९३३ मध्ये स्पेनमधील वकिलातीवर त्याची नेमणूक झाली. तेथे जात असता फ्रान्समधील मांताँ येथे तो निधन पावला.