कॉमिक्सवरचा खटला

आम्ही सातवीत होतो. रद्दीच्या दुकानातून आणलेले एक जुने इंद्रजाल कॉमिक्स भूगोलाच्या पुस्तकात ठेवून वाचत होतो आणि पकडले गेलो. कॉमिक्स जप्त झाले, कान पिळला गेला आणि असल्या पुस्तकांनी मुले बिघडतात हेही ऐकून घ्यावे लागले. कानाचे फारसे काही वाटले नाही. वाईट वाटले ते एवढ्याचे, की वेताळ त्या गुहेतून सुटला की नाही हे कळायचे राहून गेले. आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. जप्त करणाऱ्या गुरुजींनी ते कॉमिक्स उघडून पाहिले नव्हते.

पुढे संशोधनाच्या क्षेत्रात आलो. कोणतेही विधान ऐकले की त्याला पुरावा काय, असे विचारायची सवय लागली. कॉमिक्सने मुले बिघडतात, या विधानालाही तोच प्रश्न विचारावासा वाटला. उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला तो शिक्षकांनी जरूर वाचावा असा आहे.

पहिला चित्रकथाकार शिक्षक होता

आजच्या चित्रकथेचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो रोडॉल्फ टॉप्फर (१७९९–१८४६) हा स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरातला शिक्षक होता. वडिलांप्रमाणे चित्रकार व्हायची त्याची इच्छा होती, पण डोळ्यांच्या दुखण्यामुळे ते जमले नाही. त्याने मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी तो चित्रांच्या गोष्टी काढू लागला. एका पानावर चौकटींची रांग, प्रत्येक चौकटीत एक प्रसंग आणि खाली हस्ताक्षरात मजकूर. १८२७ साली काढलेली अशी एक गोष्ट १८३७ साली छापली गेली.

छपाईची युक्तीही पाहण्यासारखी आहे. शिळाछापात दगडावर थेट लिहायचे तर अक्षरे उलटी काढावी लागतात. टॉप्फर खास तयार केलेल्या कागदावर तेलकट शाईने सरळ लिहीत असे आणि तो कागद दगडावर उमटवला जाई. चित्र आणि अक्षर एकाच हाताने, एकाच लेखणीने काढणे त्यामुळे शक्य झाले.

असल्या पोरकट गोष्टी छापल्या तर प्राध्यापक म्हणून आपली अब्रू जाईल, अशी त्याला धास्ती होती. १८३०च्या सुमारास त्याची हस्तलिखिते वृद्ध महाकवी गटेपर्यंत पोचली. गटेने तोंडभरून स्तुती केली, तेव्हा कुठे टॉप्फरला छापण्याचा धीर आला. चित्रकथेचा जन्म असा वर्गाच्या शेजारीच झाला. तिच्यावरचा खटला मात्र शंभर वर्षांनी, अमेरिकेत उभा राहिला.

डॉक्टरांची साक्ष

१९३८ साली सुपरमॅन अवतरला आणि अमेरिकेत कॉमिक्सचा पूर आला. १९४०च्या दशकात तिथली दहांतली नऊ मुले कॉमिक्स वाचत होती. युद्धानंतर गुन्हेगारीच्या आणि भीतीच्या कथा वाढल्या. त्यांतल्या काही खरोखरच ओंगळ होत्या. तुटलेले मुंडके हातात धरलेला खुनी मुखपृष्ठावर छापला जाई. पालक धास्तावले ते अगदीच विनाकारण नव्हे. १९४८ साली काही गावांत शाळकरी मुलांकडून कॉमिक्स गोळा करून त्यांची होळी करण्यात आली.

या चळवळीला शास्त्रीय आधार दिला तो डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी. १९५४ साली त्यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आले. बालगुन्हेगारीच्या मुळाशी कॉमिक्स हे एक मोठे कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडे आलेल्या मुलांच्या हकिकती होत्या. त्याच वर्षी सेनेटच्या उपसमितीपुढे त्यांची साक्ष झाली.

वर्थम हा काही खलपुरुष नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी १९४६ साली अगदी नाममात्र फी घेणारा दवाखाना काढला होता. वेगळ्या शाळांमुळे कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर कसा आघात होतो, याची साक्ष त्यांनी डेलावेअर राज्यातील खटल्यात दिली. ज्या खटल्यांचा एकत्रित निकाल देऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्यांत हाही एक होता. मुलांविषयी कळकळ असलेला, अन्यायाची चीड असलेला हा माणूस होता. म्हणूनच पुढची हकिकत विचार करायला लावते.

त्यांच्या युक्तिवादातली एक चूक तर शाळेतल्या मुलालाही समजावून देता येईल. दवाखान्यात येणारी बिघडलेली मुले कॉमिक्स वाचतात, म्हणून कॉमिक्सने मुले बिघडतात. पण न बिघडलेली मुलेही कॉमिक्स वाचतच होती! आपल्याकडच्या तुरुंगांत पाहणी केली तर बहुतेक कैद्यांनी लहानपणी वरणभात खाल्लेला आढळेल. त्यावरून वरणभाताला दोष देता येत नाही. दोन्ही गटांची तुलना हवी, आणि ती वर्थम यांनी केली नव्हती.

संहिता आणि एक घामेजलेला चेहरा

मुलांना अशी कॉमिक्स विकण्यावर कायद्याने बंदी घालावी, एवढीच वर्थम यांची मागणी होती. झाले वेगळेच. कायदा येण्याआधी प्रकाशकांनीच १९५४ साली एक संहिता केली आणि तपासणी कार्यालय उघडले. शीर्षकात 'हॉरर' शब्द नको, पिशाच्चे नकोत, पोलीस आणि न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असे काही नको, शेवटी चांगल्याचा विजय झालाच पाहिजे, असे नियम झाले. ज्या अंकावर संहितेचा शिक्का नाही तो विकायला विक्रेते तयार होईनात.

एक उदाहरण बोलके आहे. १९५३ साली एका विज्ञानकथांच्या कॉमिक्समध्ये 'जजमेंट डे' ही कथा आली होती. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीसाठी जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना कमी लेखतात. आतली यंत्रणा मात्र दोघांची एकच. तुम्ही अजून आमच्या संघात येण्यास पात्र नाही, असे सांगून तो निघतो. यानात बसल्यावर शिरस्त्राण काढतो, आणि शेवटच्या चौकटीत आपल्याला दिसतो एका कृष्णवर्णीय माणसाचा घामेजलेला चेहरा. हीच कथा पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा संहितेच्या प्रमुखांनी अंतराळवीर कृष्णवर्णीय असण्याला हरकत घेतली. प्रकाशकाने न जुमानता ती तशीच छापली आणि नंतर कॉमिक्स छापणेच बंद केले. वर्णभेदाविरुद्ध साक्ष देणाऱ्या डॉक्टरांच्या चळवळीतून जे कार्यालय उभे राहिले, त्याने हे केले! ही संहिता पुढे सैल होत गेली आणि २०११ साली संपली.

हे वारे अमेरिकेपुरते राहिले नाही. ब्रिटनने १९५५ साली आणि भारताने १९५६ साली मुलांना घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. आपल्या कायद्यात चित्रांतून सांगितलेल्या कथांचा स्पष्ट उल्लेख आहे.

वह्या उघडल्या तेव्हा

वर्थम १९८१ साली वारले. त्यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती, ती २०१० साली अभ्यासकांना खुली झाली. कॅरोल टिली या पूर्वी शाळेत ग्रंथपाल होत्या, नंतर इलिनॉय विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवू लागल्या. त्यांनी वर्थम यांच्या मूळ नोंदी पुस्तकातल्या हकिकतींशी ताडून पाहिल्या. २०१२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

नोंदी आणि पुस्तक जुळत नव्हते. मुलांची वये बदललेली होती. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातलेले होते. शाळा बुडवणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलीची हकिकत पुस्तकात आहे. दोष कॉमिक्समधल्या नायिकेच्या आकर्षणाला दिला आहे. ती मुलगी घरातून पळालेली होती, टोळीत होती, तिला वाचायलाच अडचण येत होती, हे सारे वहीत होते. पुस्तकात ते आले नाही.

कॉमिक्स निरुपद्रवी असतात, असे टिलींच्या संशोधनाने सिद्ध होत नाही. ज्या पुराव्यावर शिक्षा झाली तो पुरावा विश्वासार्ह नव्हता, इतकेच सिद्ध होते. पण धडा मोठा आहे. उत्तर आधीच ठरलेले असले आणि हेतू चांगला असला की नोंदवहीत नको ती ओळ गाळण्याचा मोह होतो. आम्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींना हा मोह चांगला परिचयाचा आहे. आणि किंमत त्या मुलीने मोजली. तिची खरी दुखणी कॉमिक्सच्या आड झाकली गेली.

मग वाचावे काय?

भारतात इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली मुंबईत सुरू झाले, ते १९९० पर्यंत चालले. तिथेच काम केलेल्या, रसायन तंत्रज्ञान शिकलेल्या अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा आणि १९८० साली 'टिंकल' सुरू केले. ही पुस्तके शिक्षकांच्या ओळखीची आहेत. त्यांतले जगदीशचंद्र बोस यांचे पुस्तक वर्गात जरूर असावे. त्यांच्याखेरीज आम्हाला आवडलेली काही जुनी-नवी पुस्तके सांगतो. बहुतेक इंग्रजीत मिळतात. चित्रे दाखवून गोष्ट मराठीत सांगता येते.

पाचवी ते सातवीसाठी एर्जे या बेल्जियन चित्रकाराची टिनटिनची चांद्रसफर. हे दोन भाग १९५३ आणि १९५४ साली पुस्तकरूपात आले, माणूस चंद्रावर उतरण्याच्या पंधरा वर्षे आधी. अर्ध्या वाटेवर यान उलटे फिरवून वेग कमी करणे, इंजिन बंद होताच वजन नाहीसे होणे, हे सारे त्यात आहे. टिनटिनला चंद्रावरच्या गुहेत बर्फ सापडतो. भारताच्या चांद्रयान-१ वरील उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या त्या २००९ साली जाहीर झाल्या. एक चूकही आहे आणि ती फार उपयोगी आहे. वाटेत यानाबाहेर पडलेला कॅप्टन हॅडॉक अडोनिस या लघुग्रहाभोवती फिरू लागतो. अडोनिसचा व्यास सुमारे एक किलोमीटर आणि घनता खडकाइतकी धरून गणित करा. त्याच्या पृष्ठभागालगत फिरायचे तर वेग ताशी दीड किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनही कमी. यापेक्षा थोड्या अधिक वेगाने जाणाऱ्याला अडोनिस धरून ठेवूच शकणार नाही. दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घाला.

आठवीच्या पुढे लॅरी गोनिक. हा हार्वर्डमध्ये गणित शिकला आणि संशोधन सोडून चित्रांकडे वळला. त्याचा विश्वाचा चित्रमय इतिहास महास्फोटापासून सुरू होतो. आनुवंशिकता (१९८३) आणि संख्याशास्त्र (१९९३) यांवरची पुस्तके त्याने त्या त्या विषयाच्या जाणकारांबरोबर केली आहेत. दवाखान्यातल्या मुलांवरून सगळ्या मुलांबद्दल निष्कर्ष का काढता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या पुस्तकातून छान समजते.

त्याच वयासाठी 'भीमायन' (२०११). दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांचे अनुभव चितारले आहेत. शाळेत पाणी न मिळणारा लहान भीम आणि पुढे १९२७चा महाडचा सत्याग्रह. गोष्टीचा एक भाग पाण्याभोवती फिरतो. इथे सरळ चौकटी नाहीत. मवाळ बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मुलांना हे न सांगता कळते.

शिक्षकांनी आधी स्वतः वाचावीत अशी दोन. हिरोशिमाच्या बॉम्बमधून सहाव्या वर्षी वाचलेल्या केजी नाकाझावा यांचे 'बेअरफूट गेन' (१९७३ पासून) आणि छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची कहाणी सांगणारे आर्ट स्पिगेलमन यांचे 'माउस', ज्याला १९९२ साली पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. जपानच्या मात्सुए शहरात २०१२-१३ मध्ये पहिले पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांत आडबाजूला ठेवायला लावले होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील एका शाळा मंडळाने २०२२ साली दुसरे अभ्यासक्रमातून काढले. खटला अजून संपलेला नाही.

शेवटचे 'लॉजिकॉमिक्स' (२००९). बर्ट्रांड रसेल यांचा गणिताच्या पायाचा शोध त्यात आहे. गोष्टीच्या सोयीसाठी लेखकांनी काही भेटी कल्पनेने घडवल्या आहेत आणि तसे पुस्तकातच सांगून टाकले आहे. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. कॉमिक्स काढणाऱ्यांनी कुठे काय बदलले ते वाचकाला सांगितले. शास्त्रीय म्हणवणाऱ्या पुस्तकाने ते लपवले.

यातले प्रत्येक पुस्तक तुम्हाला आवडेलच असे नाही. काही कॉमिक्स टाकाऊ असतात, काही कथा-कादंबऱ्याही असतात. आमची विनंती एवढीच आहे. मागच्या बाकावर एखादे सापडले तर जप्त करण्याआधी ते उघडा, चार पाने वाचा आणि त्या मुलाला विचारा, पुढे काय होते? त्याच्या उत्तरातून पुस्तकाबद्दल काही कळेलच, त्या मुलाबद्दलही बरेच कळेल.