एक कायदा, दोन साथी

१८९७ च्या प्लेगांत पुणेकरांस घर सुटण्याचें भय होतें. गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरत व रोग्यास आप्तांपासून तोडून इस्पितळांत नेत. त्याच वर्षींचा साथरोगांचा कायदा २०२० च्या मार्चांत पुनः हातीं घेण्यांत आला, तेव्हां आज्ञा झाली ती घर न सोडण्याची. परंतु घर सर्वांस सारखें नसतें. सुखवस्तु गृहस्थास त्यांत कंटाळा आला, पण अभयही लाभलें. गृहिणीस दुपारची उसंत उरली नाहीं. एकट्या वृद्धास तेंच घर खावयास उठलें. आणि ज्यांचें घर शेंकडों कोस दूर, ते मजूर पायींच निघाले. ८ मे रोजीं मराठवाड्यांत करमाडजवळ रुळांवर निजलेले १६ जण मालगाडीखालीं गेले. मृतांच्या आंकड्यांबरोबर, दार लागलें तेव्हां आंत कोण व बाहेर कोण होतें, हेंही साथीच्या इतिहासांत नोंदलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.