चौदाव्या वर्षाचा वाचक

साक्रीसारख्या तालुक्याच्या गांवीं सायंकाळीं वाचनालयांत सहज डोकावलें, तर एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. वर्तमानपत्रांच्या मेजाभोंवतीं आमच्यासारखी निवृत्त मंडळी बसलेली असतात. बालविभागाच्या कपाटापाशीं आईचें बोट धरून आलेलें एखादें मूल चित्रें पाहात असतें. मधलें वय मात्र तेथें आढळत नाहीं. तेरा ते अठरा वर्षांचीं मुलें आलींच, तर परीक्षेचीं पुस्तकें उघडून मुकाट्यानें बसतात, आणि परीक्षा संपतांच नाहींशीं होतात. हें वय वाचनालयाला कां दुरावतें, आणि त्याला जवळ आणण्याचे प्रयत्न पूर्वीं कोणीं कसे केले, याचा थोडा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

गंमत अशी कीं, आपल्याकडील कित्येक ग्रंथालयें उभीं राहिलीं तीं तरुणांच्याच उत्साहावर. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं स्थापन झालें. त्याच्या संस्थापकांपैकीं विनायक लक्ष्मण भावे यांनीं तेव्हां पंचविशीहि गांठली नव्हती. पुढें ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे ते हेच भावे. परंतु संस्था जशा वयानें वाढल्या, तसे त्यांचे नियमहि प्रौढ झाले. मुलांनीं शांत बसावें, पुस्तक मळवूं नये, वेळेवर परत करावें, एवढेंच त्यांच्याकडून अपेक्षिलें जाऊं लागलें.

या बाबतींत पहिला मोठा विचार बडोद्यास झाला. महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे आमच्या दक्षिणेकडील मालेगांव तालुक्यांतले. १८६३ सालीं कवळाणें गांवीं त्यांचा जन्म झाला. १८७५ सालीं दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर गेले, तोंपर्यंत त्यांना अक्षरओळखहि झालेली नव्हती. विद्येला उशिरां भेटलेल्या माणसाला तिची किंमत अधिक कळते. १९०६ सालीं त्यांनीं साऱ्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. मग प्रश्न आला कीं, शाळा सोडल्यावर मुलानें वाचावें काय? वाचावयास कांहीं मिळालें नाहीं, तर शिकलेलें अक्षर दोन-चार वर्षांत पुसून जाणार. म्हणून १९१० सालीं विल्यम बॉर्डेन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनीं बोलावून घेतलें. गांवानें खर्चाचा एक तृतीयांश भाग उभारावा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीनें द्यावा आणि तितकाच सरकारनें घालावा, अशा व्यवस्थेनें खेडोपाडीं ग्रंथालयें निघालीं. पुस्तकांच्या पेट्या गांवोगांव फिरूं लागल्या. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं स्वतंत्र दालन झालें, आणि तेथें पुस्तकांच्या जोडीला खेळहि ठेवलेले होते.

परदेशांतहि हा विचार याच सुमारास रुजत होता. अमेरिकेंतील क्लीव्हलँड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानें १९२५ सालीं केवळ कुमारवयीन वाचकांसाठीं एक खोली उघडली, आणि तिला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाचें नांव दिलें. बालकांचें कपाट ज्याला लहान होतें आणि मोठ्यांचें अद्याप परकें वाटतें, त्यालाहि स्वतःची जागा हवी, हें तेथील मंडळींनीं ओळखलें होतें.

पण नुसत्या जागेनें भागत नाहीं. मुलाला जागेइतकेंच काम हवें असतें. याचें उदाहरण पाहावयास आपणांस क्लीव्हलँडपर्यंत जावयास नको. आमच्या खानदेशांतील अमळनेर पुरेसें आहे. १९२४ सालीं साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले आणि पुढें छात्रालयाची व्यवस्थाहि त्यांच्याकडे आली. गुरुजींनीं छात्रालयांतील मुलांसाठीं एक हस्तलिखित दैनिक काढलें. दिवसभर शिकवावें आणि पुन्हा मुलांसाठीं लिहावयास बसावें, असा त्यांचा क्रम होता. ज्या मुलांना तोंपर्यंत छापील पुस्तकांतल्या थोरांच्याच गोष्टी ठाऊक होत्या, त्यांना आपल्या छात्रालयाचेंहि एक पत्र असूं शकतें, हें तेथें प्रथम कळलें. १९२८ सालीं गुरुजींनीं ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलें. १९३० सालीं त्यांनीं शाळा सोडून सत्याग्रहांत उडी घेतली, म्हणजे हा सारा प्रयोग अवघ्या सहा वर्षांचा. पण त्याचें मोल वर्षांनीं मोजतां येत नाहीं. गुरुजींच्या पश्चात् १९५१ सालीं प्रकाशभाई मोहाडीकर यांनीं त्यांच्या नांवानें कथामाला सुरू केली, तिचें मूळहि मुलांवरील याच मायेंत आहे.

खानदेशांतलेंच दुसरें उदाहरण बहिणाबाई चौधरींचें. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, घरकाम करतांना त्यांना गाणीं सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनीं तीं वेळोवेळीं टिपून ठेवलीं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरांत गेल्या, आणि १९५२ सालीं तीं गाणीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. घरांतल्या तरुण हातांनीं वही-पेन्सिल घेतली नसती, तर तें सारें धन मातीआड गेलें असतें. आणि विशेष हें कीं, टिपणाऱ्यांनीं आईची बोली पुस्तकी केली नाहीं. ती जशी होती तशी राहूं दिली.

या शेवटल्या गोष्टीचें महत्त्व मला फार उशिरां कळलें, तें कसें हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गांतील अकरा मुलामुलींनीं गांवच्या वाचनालयांत लावण्यासाठीं एक हस्तलिखित करावयाचें ठरविलें. कोणीं आजीकडून कहाणी आणली, कोणीं कान नदीच्या पुराची हकीकत लिहिली, कोणीं वावरांतल्या कामांचे शब्द गोळा केले. सारें लेखन अहिराणीनें भरलेलें. मीं शिक्षकाच्या संवयीनें लाल शाई घेतली. ‘आंडोर’ खोडून ‘मुलगा’ केलें, ‘आंडेर’ खोडून ‘मुलगी’ केलें. वाक्येंच्या वाक्यें शुद्ध केलीं. अंक लागला, गांवानें कौतुक केलें. एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, “सर, माझी आजी असं बोलत नाही.” मी हंसलों आणि पुढें गेलों. दुसऱ्या महिन्यांत लेख मागितले, तेव्हां एकाहि मुलानें कांहीं आणून दिलें नाहीं. दुसरा अंक निघालाच नाहीं.

त्या हस्तलिखिताचीं पानें अद्याप माझ्या ट्रंकेंत आहेत. ती आजी केव्हांच निवर्तली. अलीकडे मीं तिची कहाणी मुळांत होती तशी पुन्हा उतरून काढावयास घेतली. दोन ठिकाणीं माझ्या लाल शाईखालचा शब्द मला आतां कांहीं केल्या वाचतां येत नाहीं.

महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. अनुदानाची व्यवस्था आली, दर्जे ठरले, गांवोगांव ग्रंथालयें उभीं राहिलीं. हें मोठेंच कार्य होय. पण मुलाच्या हातीं काम देणें कोणत्याहि कायद्यानें होत नाहीं, आणि त्याला फारसा पैसाहि लागत नाहीं. एक फळा, थोडे कागद आणि आठवड्यांतील एक सायंकाळ एवढें पुरे. पुस्तकांना वेष्टनें घालणें, फाटलेलीं पानें चिकटविणें, लहानग्यांना गोष्ट वाचून दाखविणें, दृष्टि मंदावलेल्या वृद्धांना घरीं जाऊन वर्तमानपत्र ऐकविणें, घरोघरच्या ओव्या आणि म्हणी टिपून आणणें, हीं कामें चौदा वर्षांचीं मुलें आनंदानें करतात. मात्र तीं खरीं कामें असावींत, आणि त्यांतील चुका करण्याचा हक्कहि मुलांचाच असावा.

मुलें हल्लीं वाचीत नाहींत, सदा मोबाइलमध्यें डोकें घालून असतात, असें आपण म्हणतों. तक्रार खोटी नाहीं. पण त्या यंत्रांत त्यांना कांहीं बोलतां येतें, दाखवितां येतें, आणि कोणीतरी त्यांची दखल घेतें. आपल्या वाचनालयांत आपण त्यांना काय देऊं केलें आहे? बसावयास बांक आणि ‘शांतता राखा’ ही पाटी. तेव्हां श्रोतेहो, आपल्या गांवच्या वाचनालयाशीं आपला संबंध असेल, तर येत्या सुट्टींत चार मुलांना बोलवा, त्यांच्या हातीं वही द्या, आणि आपली लाल शाई तेवढी घरीं ठेवून जा.