अनुबोधपट पाहावा, तो चौघांत

आज आपणाशी अनुबोधपटाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. अनुबोधपट म्हणजे ज्यात नट-नटी नाहीत, रचलेली गोष्ट नाही, तर खरी माणसे, खरी ठिकाणे आणि खरोखर घडलेल्या घटना आहेत, असा चित्रपट. कोणी त्याला माहितीपटही म्हणतात. हे पट कोणी आणि कसे काढले, याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी सांगणार आहे ते हे पट लोकांनी कसे पाहिले आणि पाहून झाल्यावर ते काय बोलले, याविषयी. कारण माझे म्हणणे असे, की अनुबोधपट पडद्यावर निम्माच असतो. उरलेला निम्मा पाहणाऱ्यांच्या बोलण्यात पुरा होतो.

उदाहरणच घ्या. मुंबईच्या सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला वाकोला नावाचा भाग आहे. जवळच विमानतळ, शेजारी कलिन्याचे विद्यापीठ, आणि वस्तीतून वाहणारा वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठीला पूर आला आणि उपनगरे पाण्याखाली गेली. आता समजा, त्या पुरावरचा एखादा अनुबोधपट वाकोल्यातच दाखवला. पडद्यावर आकडा येईल, नकाशा येईल, तज्ज्ञ बोलतील. पण पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरले, लेकरे माळ्यावर कोणी चढवली, रात्र कशी काढली, हे समोर बसलेली एखादी आजीच सांगू शकेल. आणि एखादा उठून म्हणेल, "अहो, हे चूक आहे, आमच्याकडे असं झालंच नाही!" असा आक्षेप गोष्टीच्या चित्रपटावर कोणी घेत नाही. अनुबोधपटावर तो घेता येतो, नव्हे घेतलाच पाहिजे, कारण मी खरे तेच दाखवतो असा त्याचा दावा असतो.

या पटांचा आपल्याकडचा आरंभ मराठी माणसाच्या हातून झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतील छायाचित्रकार. लोक त्यांना सावेदादा म्हणत. 1896 साली मुंबईत परदेशी हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली, ती पाहून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899 साली हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे 1901 साली रँग्लर रघुनाथ परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईत झालेल्या त्यांच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. आपल्याच गावची कुस्ती आणि आपल्याच माणसाचा सत्कार पडद्यावर पाहायचा, ही त्या काळी केवढी नवलाची गोष्ट असेल!

दादासाहेब फाळक्यांची कथा तर आणखी बोलकी आहे. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली लोकांपुढे आला, हे आपणांस ठाऊकच आहे. पण त्याआधी त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरून त्याचा कोंब कसा वाढतो, याचे दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. तो छोटा पट पाहून भांडवल पुरवणाऱ्याची खात्री पटली आणि पुढचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे बघा, आपल्या बोलपटांच्या मोठ्या वृक्षाच्या मुळाशी शेतकऱ्याच्या ओळखीचा एक कोंब आहे!

नंतर मात्र या पटांना सरकारी वळण लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, ब्रिटिश सरकारने युद्धप्रचारासाठी एक चित्रपट मंडळ नेमले. व्ही. शांताराम यांनीही काही काळ तेथे मुख्य निर्माते म्हणून काम पाहिले. 1943 पासून प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी सरकारमान्य पट दाखवण्याची सक्ती झाली. स्वातंत्र्यानंतर 1948 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन ही संस्था निघाली. वार्तापट आणि अनुबोधपट अनेक भारतीय भाषांतून निघू लागले, त्यांत आपली मराठीही होती. गावोगाव प्रचारखात्याच्या गाड्या जात. शाळेच्या पटांगणात पडदा बांधला जाई, आणि धरणे, बी-बियाणे, हिवताप, कुटुंबनियोजन असे विषय लोकांपुढे येत.

या कामाची थोरवी मी कमी लेखत नाही. त्यात उत्तम कलावंत होते. पण एक उणीव राहिली. शहरातल्या थिएटरात वार्तापट सुरू झाला, की कित्येकजण बाहेर चहा-विडीला जात. गावात खेळ संपला, की गाडी पुढच्या गावाला निघे. पाहणाऱ्याला काय वाटले, हे विचारायला कोणी थांबत नसे. सांगणारा एकीकडे आणि ऐकणारा दुसरीकडे, असे झाले की चांगली गोष्टसुद्धा हुकमासारखी वाटू लागते.

यावर उपाय काय? तो आपल्याच रेडिओने करून दाखवला आहे. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांतून श्रोतृमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, मंडळी रेडिओभोवती जमत. कार्यक्रम ऐकून झाला, की उठून जायचे नाही. तेथेच बसून चर्चा करायची. शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या. त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. तीत असे दिसले, की चर्चामंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. पण ज्या गावांत नुसताच रेडिओ होता, मंडळ नव्हते, तेथे फारच थोडी पडली. रेडिओ तोच, कार्यक्रमही तेच. फरक पडला तो चर्चेने.

चित्रपटाच्या बाबतीत हेच काम फिल्म सोसायट्यांनी केले. येथे एका मराठी बाईंचे नाव घेतलेच पाहिजे. विजया मुळे यांचा जन्म 1921 साली मुंबईत झाला. त्या शिक्षणक्षेत्रातल्या. इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांना फिल्म सोसायटीची गोडी लागली, आणि परतल्यावर पाटणा व दिल्ली येथे त्यांनी ही चळवळ वाढवली. 1959 साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते, आणि विजयाबाई चिटणिसांपैकी एक होत्या. 'एक अनेक और एकता' हा 1974 सालचा छोटा चित्रपट त्यांचाच. चिमण्या जाळे घेऊन उडून जातात, ती गोष्ट अनेक गुरुजींना आठवत असेल. 1975-76 साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली, तेव्हा मुलांच्या कार्यक्रमांच्या कामातही त्या अग्रभागी होत्या. इकडे मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले, आणि चित्रपट पाहून त्याविषयी मराठीत बोलण्या-लिहिण्याचे वळण पडले.

पण ही चर्चा शिकलेल्यांच्या दिवाणखान्यातच राहावी काय? याचे उत्तर वाकोल्यापासून फार दूर नसलेल्या घाटकोपरच्या कहाणीत आहे. तेथे रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि 10 माणसे प्राणास मुकली. त्या दुःखात लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या 1985 सालच्या 'हमारा शहर' या पटात घोगरे गायले होते. पटवर्धनांनी पुढे 14 वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून मोठा पट पुरा केला, आणि 2012 च्या आरंभी तो भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत दाखवला. ज्यांच्याविषयी पट होता, त्यांच्यासमोरच पडदा लागला. अशा ठिकाणी चुकीचे दाखवून चालत नाही; समोर साक्षीदार बसलेले असतात. आणि ज्यांचे ऐकायला कोणी येत नाही, त्यांना आपले म्हणणे चारचौघांत मांडायला जागा मिळते. ही लहान गोष्ट नव्हे.

गुरुजी, आता आपल्या शाळेचे पाहा. फिल्म्स डिव्हिजन आज स्वतंत्र संस्था म्हणून राहिलेली नाही. तिचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले. पण तिचे कित्येक जुने पट इंटरनेटवर सापडतात. एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेंटी' हा 1967 सालचा पट मला विशेष आवडतो. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना त्यात विचारले आहे, की या देशाविषयी तुम्हांला काय वाटते? तो मोठ्या मुलांना दाखवा, इंग्रजी बोलणे थोडे मराठीत समजावून द्या, आणि तोच प्रश्न त्यांना विचारा. फली बिलिमोरिया यांचा 1968 सालचा 'द हाऊस दॅट आनंदा बिल्ट' हा ओडिशातल्या एका खेडुताच्या कुटुंबाविषयी आहे. तो गावच्या वडीलधाऱ्यांसमवेत पाहा. आपल्या घरांत आणि त्या घरात काय सारखे, काय वेगळे, हे ते आपण होऊन सांगू लागतील.

पद्धत अगदी साधी ठेवा. पट लहान निवडा. आधी भाषण करू नका. पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारा: काय पाहिलेत? काय पटले नाही? आणि जे दाखवायला हवे होते, पण दाखवले नाही, ते काय? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. घाई करू नका. मागच्या रांगेतली, एरवी कधी न बोलणारी मुलगी बहुधा तेव्हाच हात वर करील. तिला पुरते बोलू द्या.