पायाला चाक, की चाकाला पाय?

१८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये उंच चाकाची सायकल रूढ झाली. तिची पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली असत; पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. ५० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे ४ मीटर जाई, तर ६० इंची सुमारे ४.८ मीटर. वेगासाठी चाक मोठे हवे, पण पाय पायडलापर्यंत पोचायलाही हवा! त्यामुळे आखूड पायांचा स्वार शर्यतीआधीच मागे पडे.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ आणली. दातेरी चक्रांच्या गुणोत्तरामुळे लहान चाकही तेवढेच अंतर तोडू लागले. चाकाची पायाशी असलेली गाठ सुटली. आता सीट वरखाली केली की पुरे.

पण किती वर? १९६७ मध्ये हॅम्ली व थॉमस या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले, की थोडा वेळ जोराने पायडल मारायचे असेल तर सीटपासून सर्वांत खाली असलेल्या पायडलापर्यंतचे अंतर पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के असावे. म्हणजे ८० सेंमी पायाला सुमारे ८७ सेंमी.

आपल्या वर्गातल्या मुलांचे पाय आणि सायकली मोजून पाहा. मोठ्यांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून येणारे मूल अजून १८८५च्या अलीकडे आलेले नाही!