साताऱ्याचे सिव्हिल सर्जन आणि कोपरामागची नस

कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ज्या नसेमुळे त्या येतात तिला वैद्यकात ‘अल्नर’ म्हणतात. आजचा धागा या नसेविषयी आहे. तसाच तो एका डॉक्टरविषयीही आहे. त्यांनी ही नस लंडनमध्ये निरोगी अवस्थेत रेखाटली, मुंबईत रोगाने ग्रासलेल्या नसा पाहिल्या आणि पुढची नऊ वर्षे साताऱ्यात काढली.

त्यांचे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा ग्रंथ ओळखतात, पण चित्रकार कोण हे विचारले तर बहुतेक गप्प बसतात. १८५८ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ आकृत्या कार्टर यांच्या हातच्या आहेत. लाकडी ठशांवर उलट्या बाजूने चित्र काढायचे आणि प्रत्येक अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहायचे, ही त्यांची पद्धत. मजकूर हेन्री ग्रे यांचा. पुस्तकाचे उत्पन्न ग्रे यांना आवृत्तीगणिक मिळणार होते, कार्टर यांच्या वाट्याला मात्र एकरकमी मोबदला आला. मुखपृष्ठावरील आपल्या सहकाऱ्याच्या पदव्याही ग्रे यांनी मुद्रितशोधनात छाटल्या. हे वाचून राग येतो, पण तो विषय वेगळ्या धाग्याचा.

पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच कार्टर मुंबईस निघाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात त्यांना असे रुग्ण दिसले, ज्यांच्याकडे पाहण्याची लंडनच्या डॉक्टरांना सहसा वेळच येत नसे. ते कुष्ठरोगी होते. मराठीत तेव्हा या रोगाला ‘महारोग’ किंवा ‘रक्तपिती’ म्हणत, आणि दोन्ही शब्दांत निदानापेक्षा भीती अधिक होती.

कुष्ठरोग म्हणजे त्वचेचा विकार, असे डोळ्यांना वाटते. चट्टे, गाठी, झडलेली बोटे, सगळे बाहेरच दिसते. कार्टर यांनी मृत रुग्णांचे विच्छेदन केले आणि हातापायांच्या नसा उघडून पाहिल्या. त्या जाड झालेल्या होत्या. कोणत्या नसा, किती लांबीपर्यंत, सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात, हे त्यांनी टिपले. ज्याने निरोगी नस इतक्या बारकाईने चितारली, त्याला बिघडलेली नस ओळखणे कदाचित सोपे गेले असेल. नॉर्वेतील डॅनिएल्सन आणि बोएक यांनी १८४७ च्या ग्रंथात बधिर करणारा कुष्ठरोग वेगळा वर्णिला होताच. आपल्याकडच्या रुग्णांत त्याची शारीरिक खूण दाखवण्याचे काम मुंबईत झाले.

खूण कळली की बाकीचा उलगडा होतो. नस निकामी झाली की स्पर्श जातो, मग वेदना जाते. चुलीवरचे भांडे हाताला भाजते पण कळत नाही. पायात काटा रुततो, जखम चिघळते, रुग्ण चालतच राहतो. बोटे ‘झडतात’ ती रोग खातो म्हणून नव्हे. दुखत नाही म्हणून त्यांची काळजी घेतली जात नाही. हा शेवटचा धडा डॉक्टरांच्या गळी उतरायला फार वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी तो शस्त्रक्रियेने आणि जखमा टाळण्याच्या साध्या उपायांनी सिद्ध करून दाखवला.

१८६३ साली कार्टर साताऱ्याचे सिव्हिल सर्जन झाले. छत्रपतींचे राज्य खालसा होऊन पंधरा वर्षे लोटली होती, रेल्वे अजून यायची होती. दवाखाना आणि तुरुंग दोन्ही त्यांच्याकडे. अशा जागी गेलेला अधिकारी बढतीची वाट पाहत दिवस ढकलू शकत होता. शिवाय १८६७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने वसाहतींतून उत्तरे मागवून निकाल दिला होता की कुष्ठरोग संसर्गजन्य नाही. कार्टर यांचाही कल तेव्हा आनुवंशिकतेकडे होता.

१८७२ मध्ये ते दीर्घ रजेवर गेले आणि रजेत नॉर्वे गाठले. वय चाळिशी ओलांडलेले, नाव झालेले, तरी पुन्हा विद्यार्थी. बर्गेन येथे डॅनिएल्सन हे या रोगाचे आद्य अभ्यासक. रोग पसरत नाही अशी त्यांची इतकी खात्री होती की त्यांनी स्वतःच्या शरीरात रोगाचा अंश टोचून घेतला होता. त्यांचेच जावई गेरहार्ड आर्मोअर हॅन्सेन यांना १८७३ साली रुग्णांच्या गाठींत दांडीसारखे जंतू दिसले. म्हणजे सासऱ्याचे मत जावयाने खोडून काढले. हे घडत असतानाच कार्टर तिथे पोहोचले. १८७४ मध्ये त्यांचा नॉर्वेवरील अहवाल आणि ‘ऑन लेप्रसी अँड एलिफंटायसिस’ हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात परतल्यावर ते संसर्गाच्या बाजूने बोलू लागले. आपलेच आधीचे मत सोडणे, तेही लंडनच्या निकालाविरुद्ध, ही मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संसर्ग मान्य केला की पुढची मागणी विलगीकरणाची, आणि कार्टर यांनी ती नॉर्वेचा दाखला देत केली. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने दरिद्री रुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याची सोय केली. त्या कायद्याचा संपूर्ण दोष कार्टर यांच्या माथी मारता येणार नाही, पण त्यांना त्यातून पूर्ण मोकळेही करता येणार नाही. हा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले.

कार्टर १८९७ मध्ये स्कार्बरो येथे वारले. त्याच वर्षी साताऱ्याच्या दक्षिणेला, मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी वैद्यकीय शाळा सुरू केली. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या वॉन्लेस यांनी आधी सांगलीत दवाखाना चालवला, मग मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारले. मिरजेतच पुढे कुष्ठरुग्णांचे स्वतंत्र रुग्णालय झाले, ते रिचर्डसन यांच्या नावाने ओळखले जाते. एका सिव्हिल सर्जनच्या वहीत असलेले ज्ञान गावोगावच्या डॉक्टरांच्या बोटांपर्यंत जायचे, तर अशा शाळा लागतात.

बोटांपर्यंत हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. आजही कुष्ठरोगाच्या निदानाला महागडे यंत्र लागत नाही. बधिर चट्टा आहे का, कोपरामागची, मानेच्या बाजूची आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाची नस जाड किंवा दुखरी आहे का, हे पाहावे लागते. काही रुग्णांत चट्टा उमटतच नाही, केवळ नस बिघडते. करंगळी वाकडी होते किंवा पाऊल लुळे पडते, आणि रुग्ण मणक्याचे दुखणे समजून फिरत राहतो. बिघाड सहा महिन्यांच्या आतला असेल, तर बहुविध औषधोपचाराबरोबर स्टिरॉइड देऊन नस बरीच सावरता येते. उशीर झाला तर जंतू मरतात, पण बोट वाकडेच राहते.

२००५ अखेर देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि ‘निर्मूलन’ जाहीर झाले. खास कुष्ठरोगासाठी नेमलेली यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली आणि निदानाची जबाबदारी प्राथमिक केंद्रातील तरुण डॉक्टरवर आली. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षण मागते. त्या शिक्षणात मेंदूविकार, पक्षाघात, फेफरे असे कितीतरी विषय असतात. अल्नर नसेची पाळी त्यात येते तेव्हा व्याख्याता पडद्यावर बहुधा एक आकृती दाखवतो. तिच्यात नस कोपरामागून वळून मनगटाकडे उतरत असते. अशी आकृती कार्टर यांनी मुंबईस निघण्याआधीच काढून ठेवली होती.