चतुरंगांतील गजाची गति व षट्पदाचा नियम

जुन्या क्रीडाग्रंथांच्या पोथ्या वाचतांना एक अडचण वारंवार येते. कोणत्या मोहऱ्यानें कसें चालावें, केव्हां मारावें, कोणत्या घरीं गेल्यास त्याचें बळ वाढावें, हे नियम ग्रंथकार एकेका चरणांत उरकतात. त्या काळीं पट समोर मांडलेला असे, त्यामुळें शिकणाऱ्यास शंका उरत नसे. आज वचन तेवढें उरलें आहे. मग वाचक आपल्या ओळखीचा खेळ मनांत धरून पाठाचा अर्थ लावतो, आणि अर्थ जुळला नाहीं तर पाठच 'शुद्ध' करतो. हा मोह कसा टाळावा, याचा विचार येथें दोन उदाहरणांनीं करावयाचा आहे.

पहिलें उदाहरण गजाचें. आम्हां शेवगांवकरांस यांत थोडें आपुलकीचें कारण आहे. गोदेपलीकडील पैठणाहून सोळाव्या शतकांत काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांत नीलकंठभट्ट झाला. शंकरभट्टाचा तो पुत्र व नारायणभट्टाचा नातू, शिवछत्रपतींच्या इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाशीं ज्याचें नांव जोडलें गेलें आहे तो गागाभट्ट याच्याच चुलतभावाचा मुलगा. नीलकंठाच्या 'भगवंतभास्करा'चे बारा मयूख आहेत. त्यांपैकीं 'नीतिमयूखां'त बुद्धिबळाचें वर्णन येतें. तेथें राजा व मंत्री मध्यें, त्यांच्या शेजारीं उंट, मग घोडे व कोपऱ्यांत हत्ती अशी मांडणी आहे. म्हणजे आपल्या घरोघरच्या पटावरचीच.

परंतु एवढ्यावरून 'हत्ती म्हणजे कोपऱ्यांतला, सरळ धांवणारा' असा सर्वत्र लागू होणारा सिद्धांत कोणी बांधील तर तो फसेल. नवव्या शतकांतील अरबी बुद्धिबळकार अल्-अदली हिंदूंचा हत्ती कोपऱ्यांतच सांगतो, पण तो सरळ दिशेनें दोन घरांची उडी घेतो. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बेरुनीनें पाहिलेला हत्ती एक घर पुढें किंवा चार कोणांपैकीं एका कोणांत एक घर जातो. सोंड व चार पाय अशी त्याची उपपत्ति त्यानें दिली आहे. नवद्वीपच्या रघुनंदनाच्या 'तिथितत्त्वां'त कोजागरीच्या प्रसंगानें चौघांचें चतुरंग येतें. तेथें कोपऱ्यांत नौका असून ती तिरपी दोन घरें जाते. गज राजाशेजारीं असून चारी दिशांस सरळ चालतो. नांव एक, गति तीन. स्थान एक असूनहि गति निराळी.

येथें मीमांसेचा एक जुना दंडक उपयोगी पडतो. श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या हीं सहा प्रमाणें जैमिनीनें सांगितलीं असून त्यांत पुढचें मागच्यापेक्षां दुर्बळ मानलें आहे. 'गज' हें नांव म्हणजे समाख्या, सर्वांत दुर्बळ. कोपऱ्यांतील घर म्हणजे स्थान. तें समाख्येपेक्षां बळकट, पण गति सांगणाऱ्या प्रत्यक्ष वचनापुढें त्याचाहि टिकाव नाहीं. म्हणून ज्या ग्रंथांत गतीचें वचन आहे, तेथें तेंच प्रमाण धरावें. तें नसेल तेथें प्रकरण पाहावें: खेळ दोघांचा कीं चौघांचा, फांशांचा कीं विनाफांशांचा. नांवावरून बळ ठरवणें हा अगदीं शेवटचा उपाय होय.

दुसरें उदाहरण अधिक अवघड आहे. 'तिथितत्त्वां'तील या खेळांत, जो व्यास युधिष्ठिरास सांगतो, पटाच्या कडेस पोंचलेल्या प्याद्यास त्या घराच्या मोहऱ्याचें बळ मिळतें. त्यास षट्पद म्हणतात. मात्र कोपऱ्याचें व राजाचें घर यांतून वगळलें आहे. पुढें गोतमाच्या नांवानें निषेध येतो कीं, तीन प्यादीं शिल्लक असतांना षट्पद होत नाहीं. आणखी पुढें, एक नौका व एकच प्यादें उरलें तर तें 'गाढ' होय आणि त्यास वगळलेल्या घरांचाहि दोष नाहीं.

प्रश्न असा कीं, कडेला पोंचलेलें प्यादें त्या तिनांत धरावें कीं नाहीं? आमच्या मतें धरावें. कारण बळ मिळेपर्यंत तें प्यादेंच आहे. चारहि प्यादीं असतील तर? वचन तीनच म्हणतें, परंतु कैमुतिकन्यायानें चारांस निषेध अधिकच लागू. 'गाढ' हा या निषेधाचा अपवाद कीं घरांच्या निषेधाचा? प्यादें एकच असल्यामुळें पहिल्या निषेधाचा प्रसंगच येत नाहीं. तेव्हां तो दुसऱ्याचाच अपवाद. असा अर्थ घेतला कीं तिन्ही वचनांची एकवाक्यता होते: बलवानास आवर, दुबळ्यास सवलत. विकल्प मानून कोणतेंच वचन व्यर्थ करावें लागत नाहीं.

आचाराचें साहाय्यहि येथें मिळतें. आमच्या लहानपणीं गांवांतील वृद्ध देशी पद्धतीनें खेळत. तींत प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं पोंचे, त्याचेंच बळ त्यास मिळे. तिथितत्त्वांतील षट्पदाशीं हें साम्य उघड आहे. राजास शह लागण्यापूर्वीं एकदां घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. शह लागला, पण मध्यें मोहरा घालून तो अडवला, तर ती मुभा गेली कीं राहिली, यावर ओट्यावर मोठा वाद होई. शेवटीं वयानें मोठा असेल तो निकाल देई. तो निकाल कोणीं लिहून ठेवला नाहीं.

इ. स. १८१४ त मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या 'विलासमणिमंजरी'चें इंग्रजी रूप छापलें गेलें. तें युरोपीय खेळास जुळवून घेतलें आहे, असें त्याच्या मथळ्यांतच प्रामाणिकपणें नमूद आहे. आपल्या हातून होणारें जुळवून घेणें मात्र बहुधा अबोल असतें. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, क्रीडाविषयक पोथींतील विसंगत दिसणारा पाठ बदलूं नये. समासांतील टीप व पटाची आकृति यांचीहि नक्कल घ्यावी, आणि आपली दुरुस्ती निराळी, आपल्या नांवानें लिहावी. आज चुकीचा वाटणारा गज कदाचित् दुसऱ्या प्रांताचा, दुसऱ्या शतकाचा खरा गज असेल.